प्रोग्रॅमिंग लेक्चर ऐकून येतं की हात चालवून? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला संध्याकाळच्या वेळी मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. कुर्टी, माशेल, डिचोली, सावर्डे अशा सगळीकडून मुलं येतात, अकरावीची, डिप्लोमाची, इंजिनियरिंगची, आणि हल्ली पालकपण येऊन बसतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून काढले. काही उत्तरं छोटी आहेत, काही बरीच लांबलीत.

एका वाक्यात सांगा, लेक्चर की प्रॅक्टिस?

एका वाक्यात सांगायचं तर ऐकणं आणि करून बघणं यांच्यामधला वेळ जितका कमी, तितकं प्रोग्रॅमिंग जास्त येतं. सोमवारी तासभर लूपवर (तेच काम परत परत करायला लावणाऱ्या कोडवर) लेक्चर झालं आणि प्रॅक्टिकल शुक्रवारी, मधे काहीच नाही, तर शुक्रवारी मुलगा परत शून्यावरून सुरू करतो. तेच दहा मिनिटं सांगून लगेच वीस मिनिटं करायला बसवलं तर त्याच लेक्चरचं सोनं होतं. आमच्याकडे देवळात भजनाला पखवाज शिकवतात तसं बघा, बुवा एक बोल म्हणतात, पोरगं तो तोंडाने म्हणतं, मग हाताने वाजवतं, चुकलं की तिथल्या तिथे थांबवतात आणि परत घेतात, तासभर नुसते बोल सांगून कोणी घरी पाठवत नाही.

टीचर, लेक्चरला सगळं समजतं हो, पण घरी रिकामी स्क्रीन उघडली की एक ओळ सुचत नाही. माझं डोकंच कमी आहे का?

डोकं अजिबात कमी नाही. हे आधी सांगते कारण हा प्रश्न विचारताना मुलं खरंच रडकुंडीला आलेली असतात.

दुसऱ्याने लिहिलेलं वाचून समजणं हे एक काम आणि आपल्या डोक्यातून काढून लिहिणं हे दुसरं काम, आणि लेक्चरमध्ये फक्त पहिल्याची सवय होते. सर बोर्डवर फॉर लूप लिहितात, प्रत्येक ओळ बरोबर वाटते, मान हलते, पण इथे लूपच का घेतला, बेरजेचा व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) आधी शून्य का केला, तो लूपच्या बाहेरच का ठेवला, हे सगळे निर्णय सरांनी मनातल्या मनात घेतले. तुला दिसल्या त्या तयार ओळी. घरी स्क्रीन रिकामी असते तेव्हा नेमके तेच निर्णय तुला घ्यायचे असतात आणि ते कसे घेतात हे तू कधी बघितलेलंच नसतं.

आणि समजल्यासारखं वाटणं फार फसवं असतं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी तोच उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तितकं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे लेक्चर संपल्या संपल्या जे 'आलं आलं' वाटतं त्याच्यावर विसंबून चालत नाही.

२०१९ मध्ये हार्वर्डला फिजिक्सच्या वर्गात असाच अनुभव आला. ज्या मुलांनी स्वतः गणितं सोडवत तास केला त्यांचे टेस्टमध्ये मार्क जास्त, पण त्यांना विचारलं तर त्यांना वाटत होतं की आपण कमी शिकलो, आणि नुसतं छान लेक्चर ऐकलेल्यांना वाटत होतं आपण खूप शिकलो. करताना डोक्याला त्रास होतो ना, तो त्रास मुलांना न येण्याची खूण वाटतो. माझ्याकडे पहिल्या महिन्यात मुलं सोडून जायचा विचार करतात तो ह्याच कारणाने, म्हणून मी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

प्रोग्रॅमिंगबद्दल सांगायचं तर २००१ मध्ये मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या, प्रोग्रॅमिंगचे सुरुवातीचे कोर्स पूर्ण केलेल्या २१६ विद्यार्थ्यांना छोट्या कॅल्क्युलेटरचे प्रोग्रॅम लिहायला दिले. सरासरी मार्क ११० पैकी साधारण २३ आले. कोर्स पास झालेली मुलं होती ती. तू एकटा नाहीस.

पण हे सगळं तुमचं मत आहे की कोणी तपासून बघितलंय?

तपासलंय, आणि चांगलं तपासलंय. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनियरिंग, गणित या विषयांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के आणि जिथे मुलांना वर्गात काहीतरी करायला लावलं जातं तिथे २१.८ टक्के. परीक्षेचे मार्कही साधारण ६ टक्क्यांनी वर. एक गोष्ट लक्षात ठेवा, 'करायला लावणारे' ते वर्ग लेक्चर पूर्ण बंद करणारे नव्हते, बऱ्याच ठिकाणी लेक्चर होतंच, मधेमधे प्रश्न, चर्चा, सोडवणं असं घातलेलं होतं.

मग लेक्चरला जाऊच नको का?

जायचं, नक्की जायचं! काही गोष्टी कोणीतरी समोर बसून सांगितल्याशिवाय महिने फुकट जातात. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) स्वतःलाच कॉल करतं तेव्हा मेमरीतल्या स्टॅकमध्ये एकावर एक काय रचलं जातं, ही चित्रं चांगल्या शिक्षकाने खडूने काढून दाखवली की पाच मिनिटांत जमतात, एकट्याने चाचपडत बसलं तर चुकीचं चित्र डोक्यात पक्कं होतं आणि मग ते काढायला दुप्पट त्रास.

शिवाय एकदम नवख्या मुलाला 'हा घे प्रॉब्लेम आणि सोडव' म्हणून सोडून देणं हेही मला पटत नाही. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात, त्यात सिंटॅक्स (म्हणजे कोड लिहायचे नियम) नवीन, एडिटर नवीन, गणितपण नवीन असलं की मूल बुडतं. ऑस्ट्रेलियात स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं की नवशिक्यांना सोडवलेलं उदाहरण आधी बघायला दिलं आणि लगेच तसलंच एक सोडवायला दिलं, तर ते नुसतं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळात शिकतात आणि चुका कमी करतात. हाच फायदा मुलगा तयार झाल्यावर उलटा फिरतो, तेव्हा सोडवलेली उदाहरणं आडवी येतात आणि स्वतः सोडवणं जास्त उपयोगाचं होतं. म्हणून सुरुवातीला दाखवणं जास्त आणि पुढे पुढे कमी.

मला विचाराल तर सगळ्यात किमती लेक्चर म्हणजे शिक्षक प्रोजेक्टरवर आधीपासून तयार नसलेला प्रोग्रॅम सगळ्यांसमोर लिहितो आणि चुकतो, आणि चूक कशी शोधतो ते मोठ्याने बोलत दाखवतो. असं लेक्चर चुकवू नका.

सराव करा सराव करा म्हणतात, पण सराव म्हणजे नेमकं करायचं काय?

हा खरा प्रश्न आहे. शंभर प्रोग्रॅम टाईप केले म्हणजे सराव झाला असं नाही, पुस्तकातून बघून टाईप केले तर बोटांना व्यायाम होतो फक्त.

मी मुलांकडून एक क्रम करून घेते, इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी बसवलेली पद्धत आहे ती. दिलेला छोटा प्रोग्रॅम चालवायच्या आधी आउटपुट काय येईल ते वहीत लिहायचं. मग चालवायचा. वेगळं आलं तर का आलं ते ओळीओळीने शोधायचं. मग त्यातलं काहीतरी बदलायचं. आणि शेवटी तसलाच आपला एक नवीन लिहायचा. यातलं पहिलं पाऊल, म्हणजे आधी अंदाज लिहिणं, मुलं कायम टाळतात आणि सगळ्यात जास्त शिकणं तिथेच असतं, कारण अंदाज चुकला की आपल्या डोक्यातलं चित्र कुठे चुकीचं होतं ते कळतं.

आता एक पूर्ण उदाहरण देते, लाईटच्या बिलाचं, कारण ते प्रत्येकाच्या घरी येतं. समजा पहिल्या १०० युनिटला २ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटला ३ रुपये (दर मी हिशेबाला सोपे म्हणून धरलेत, खऱ्या बिलाचे नव्हेत). २५० युनिटचं बिल किती? बहुतेक मुलं लिहितात, युनिट १०० च्या वर असतील तर युनिट गुणिले ३, आणि प्रोग्रॅम ७५० सांगतो, एरर येत नाही, सगळं व्यवस्थित चालतं आणि मुलगा खूश. मग मी म्हणते कागदावर कर बघू. पहिल्या १०० चे २००, उरलेल्या १५० चे ४५०, एकूण ६५०. आता तो स्वतःच बघतो की त्याच्या प्रोग्रॅमने गिऱ्हाईकाकडून १०० रुपये जास्त घेतले.

मग पुढचं विचारते, १०० युनिटला काय येतं आणि १०१ ला काय येतं? चुकलेल्या प्रोग्रॅममध्ये १०० ला २०० आणि १०१ ला थेट ३०३, एका युनिटने एवढी उडी, हे बघून सगळा वर्ग जागा होतो. बरोबर उत्तर २०३. इथे मुलाला कळतं की टेस्ट कायम काठावर करायची, जिथे नियम बदलतो तिथे. शून्य युनिट देऊन बघायचं, चुकून उणे आकडा आला तर काय करायचं ते ठरवायचं. त्यानंतर तिसरा स्लॅब घाल, मग एका घराऐवजी वाड्यावरच्या सगळ्या घरांची यादी घे, मग ती यादी फाईलमधून वाच. एकाच प्रॉब्लेमवर आठवडाभर काम होतं आणि इफ, लूप, लिस्ट, फंक्शन, फाईल सगळं त्यात येऊन जातं. मी वेगवेगळ्या पन्नास प्रोग्रॅमपेक्षा असा एक वाढवत नेलेला प्रोग्रॅम कधीही पसंत करेन.

असे विषय आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, आकाराप्रमाणे नारळाचा भाव, काजूच्या बियांचं वजन आणि पट्टी, चतुर्थीच्या माटोळीचं (गणपतीवर फळं-फुलं टांगतात तिचं) सामान आणि कोणी काय आणायचं, भजनी मंडळाची वर्गणी.

कॉलेजात दर आठवड्याला प्रॅक्टिकल असतं, जर्नल पूर्ण आहे माझं. तो सराव नाही का?

जर्नल कसं भरलं त्याच्यावर आहे. एइम, प्रोग्रॅम, आउटपुट, कन्क्लुजन हे सगळं पुढच्या बेंचवरून उतरवलं असेल तर तो हस्ताक्षराचा सराव झाला. मला मनापासून वाईट वाटतं या गोष्टीचं, हुशार मुलं सेमभर सुंदर जर्नल लिहितात, सही घेतात, आणि व्हायवाला 'ही ओळ काढली तर काय होईल' विचारलं की गप्प. प्रॅक्टिकलचे दोन तास ही तुमच्या हक्काची वेळ आहे, तिथे कॉम्प्युटर आहे, विचारायला माणूस आहे, असे दोन तास घरी मिळत नाहीत.

एक करून बघा. जर्नलमधला प्रोग्रॅम एकदा समजून घ्या, जर्नल बंद करा, आणि रिकाम्या फाईलमध्ये परत लिहा. अडकलात तर जर्नल उघडून फक्त तेवढी जागा बघा, परत बंद करा. दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम एक अट बदलून लिहा, चढत्या क्रमाऐवजी उतरत्या, किंवा नंबरऐवजी नावं.

एरर आला की घाबरायला होतं, लाल अक्षरं बघून मी बंदच करते. काय करू?

वाचायची सवय कर गो, एरर तुला मदत करायलाच येतो. पायथन लँग्वेजमध्ये शेवटची ओळ आधी वाच, एररचं नाव तिथे असतं, आणि त्याच्या जरा वर कुठल्या ओळीत झालं तो नंबर. सी लँग्वेजमध्ये उलटं, कंपायलरने (आपला कोड मशीनच्या भाषेत करून देणाऱ्या प्रोग्रॅमने) वीस एरर दाखवले तर पहिलाच दुरुस्त कर आणि परत कंपाइल कर, बाकीचे बरेचसे त्या एकामुळेच आलेले असतात. सेमिकोलन राहिला की कंपायलर बहुतेक वेळा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, म्हणून एक ओळ वर पण बघायचं.

खरे त्रासदायक ते एरर जे दिसतच नाहीत. सीमध्ये फॉरच्या कंसानंतर चुकून सेमिकोलन पडला तर लूप रिकामाच फिरतो आणि खालचा ब्लॉक एकदाच चालतो, कंपायलर बऱ्याचदा थांबवतसुद्धा नाही. इफमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकलं तर तुलना होण्याऐवजी किंमतच बदलते. पायथनमध्ये इनपुटने घेतलेलं सगळं अक्षरांच्या रूपात येतं, म्हणून ५ आणि ५ ची बेरीज ५५ होते. रेंज १ ते १० दिली तर ९ वर थांबतं. या प्रत्येक चुकीबद्दल लेक्चरमध्ये सांगितलेलं असतंच, पण स्वतः त्यात सापडून बाहेर येईपर्यंत ती कोणाच्या लक्षात राहत नाही. वहीच्या मागच्या पानावर 'माझे एरर' म्हणून यादी ठेव, काय दिसलं, कारण काय निघालं, एवढंच.

यूट्यूब आणि एनपीटेलचे व्हिडिओ बघितले तर चालतात का?

चालतात, जर हात कीबोर्डवर असेल तर. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मला या बाबतीत फार आवडतो, दहा मिनिटांच्या आसपासचे छोटे व्हिडिओ, आणि पद्धतच अशी की एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्रॅम, थांबवायचं, करायचं, पुढे जायचं. त्यातले बरेच मराठीतही आहेत. एनपीटेल म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीने २००३ पासून चालू केलेले ऑनलाइन कोर्स, लेक्चर लांब असतात पण खोल असतात, आणि दर आठवड्याची असाइनमेंट असते ती सोडवली तरच त्याचा अर्थ आहे. फोंड्याहून पणजीला कदंब बसमध्ये बसून कानात लेक्चर ऐकणारी मुलं मला माहीत आहेत, थिअरीला ठीक आहे ते, कोडिंगला नाही, घरी गेल्यावर परत करूनच बघावं लागेल.

एक धोका मात्र सांगते. एक कोर्स अर्धा बघायचा, कठीण वाटला की दुसरा धरायचा, त्यात परत व्हेरिएबल आणि प्रिंटपासून सुरुवात, छान समजतंय असं वाटतं आणि लूपच्या पुढे माणूस कधी जातच नाही. कठीण वाटलं तिथेच थांबून काम करायचं असतं.

कुठल्या लँग्वेजने सुरुवात करू?

कॉलेजात जी आहे ती. सी असेल तर सी, पायथन असेल तर पायथन. स्वतःहून शिकत असाल तर पायथन, लिहायला कमी आणि लवकर काहीतरी चालताना दिसतं. शाळेतल्या लहान मुलांना स्क्रॅच, त्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम करतात. गोव्यात सहावी ते आठवीला सरकारच्या केअर्स योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स आलंय, तर मुलाने शाळेत काय केलं ते घरी परत करून बघू द्या एवढंच.

माझं गणित कच्चं आहे.

सुरुवातीला बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि बाकी काढता आली की पुरतं. बाकी, म्हणजे भागून उरतं ते, हे मात्र पक्कं करून घे, सम-विषम, लीप इयर, आकड्यातले अंक वेगळे करणं, सगळं त्याच्यावर चालतं. गणित जास्त लागतं ते पुढे, आणि ते तेव्हा शिकता येतं.

घरी लॅपटॉप नाही, आणि पावसात तर लाईटच नसते. सराव कसा करणार?

सत्तरी, सांगे या बाजूची मुलं हे विचारतात आणि अडचण खरी आहे. आधी घरात, शेजारी विचारून बघा, दादाला किंवा ताईला सरकारच्या सायबरएज योजनेत मिळालेला जुना लॅपटॉप पडून असतो बऱ्याच ठिकाणी, पायथन शिकायला तो भरपूर झाला. अँड्रॉइड मोबाईलवर पायड्रॉइड नावाचं अ‍ॅप आहे, त्याच्यात नेट नसतानाही पायथन चालतं, छोट्या स्क्रीनवर टाईप करायला त्रास होतो पण लहान प्रोग्रॅम आरामात होतात.

आणि कागद कोणी काढून घेतलेला नाही. प्रोग्रॅम कागदावर लिहा, शेजारी तक्ता करा, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, आणि एकेक ओळ चालली की किंमत कशी बदलते ते लिहीत जा. कॉम्प्युटर जे करतो तेच आपण हाताने करायचं. लाईट गेलेली असताना केलेला हा सराव मला कधी कधी स्क्रीनसमोरच्या सरावापेक्षा चांगला वाटतो, कारण 'रन' दाबून बघू म्हणून अंदाजाने बदल करत बसता येत नाही, विचारच करावा लागतो. नेट आणि कॉम्प्युटर असेल तेव्हा पायथन ट्युटर नावाच्या साईटवर तोच प्रोग्रॅम टाका, फिलिप ग्वो यांनी बनवलीय, एकेक पावलाला मेमरीत काय चाललंय ते चित्रात दाखवते, आपला तक्ता त्याच्याशी ताडून बघा.

टीचर, चॅटजीपीटी दोन सेकंदात प्रोग्रॅम लिहून देतो. मग एवढा त्रास कशाला?

त्याने दिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे सांगता येण्यासाठी. वरचं लाईटचं बिल आठवा, ७५० सांगणारा प्रोग्रॅम दिसायला एकदम नीटनेटका होता. ज्याने स्वतः काठावरचे आकडे घालून बघितलेत त्यालाच ती चूक दिसते. एआय कधी बरोबर लिहितो कधी चुकतो, आणि दोन्ही वेळेला सारख्याच आत्मविश्वासाने लिहितो.

वापरायचाच असेल तर शिकायच्या काळात असा वापरा: आधी स्वतः लिहा, अडलं तर त्याला सांगा की उत्तर देऊ नको, फक्त कुठे बघू ते सांग. किंवा एररचा अर्थ विचारा. किंवा पाच वेगळे प्रश्न तयार करून घ्या आणि ते स्वतः सोडवा. त्याने लिहिलेली एक जरी ओळ तुमच्या फाईलमध्ये गेली तर ती ओळ का आहे हे मला तोंडी सांगता आलं पाहिजे, माझ्या वर्गात हा नियम आहे आणि मी तो सोडत नाही.

अडकलो तर किती वेळ स्वतः झगडायचं?

नवीन असशील तर पंधरा-वीस मिनिटं, मग विचारायचं. रात्रभर एका सेमिकोलनवर डोकं फोडण्यात काही शिकणं नाही. पण विचारताना 'चालत नाही' एवढं सांगू नकोस, मला काय हवं होतं, काय आलं, मी काय काय करून बघितलं, हे तीन सांग, अर्ध्या वेळा सांगता सांगताच तुला उत्तर सापडेल. मित्राबरोबर बसत असशील तर एकाने टाईप करायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं, आणि थोड्या वेळाने बदलायचं. जो हुशार असतो तोच कायम कीबोर्ड धरून बसतो, तेवढं होऊ देऊ नका.

रोज किती वेळ?

रोज पाऊण तास. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा तेवढ्याच वेळात रोज थोडं केलेलं जास्त टिकतं, आदल्या दिवशीचं आठवायला लागतं ना, त्या आठवण्यानेच पक्कं होतं.

चौथीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश कच्चं. जमेल का?

जमतं. आपल्याकडे घरी कोकणी, प्राथमिक शाळा मराठी आणि पाचवीपासून इंग्लिश, असा प्रवास केलेली कितीतरी मुलं आज चांगल्या ठिकाणी कोड लिहितायत. प्रोग्रॅमिंगचे शब्द थोडेच असतात, पायथनचे राखीव शब्द तर चाळिसाच्याही आत. आधी काय करायचंय ते मराठीत किंवा कोकणीत पायरीपायरीने लिही, मग एकेक पायरीचा कोड कर. गंमत म्हणजे पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं, बेरीज, एकूण, भाव, सगळं चालतं, आणि कोणी इनपुटला देवनागरी अंक दिले तरी पायथनचं इंट फंक्शन त्यांचा आकडा करून देतं. सवय होईपर्यंत अशी नावं वापरायला माझी काही हरकत नाही. इंग्लिश डॉक्युमेंटेशन वाचायची सवय मात्र हळूहळू लावावीच लागेल, त्याला दुसरा रस्ता नाही.

मी पालक आहे, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. मुलगा दार लावून बसतो, शिकतोय की खेळतोय कसं ओळखू?

त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, बाबा, आज काय केलंस ते मला दाखव. चालवून दाखवेल. मग विचारा, मी इथे चुकीचं काही टाकलं तर काय होईल, आणि खरंच आकड्याच्या जागी नाव टाकून बघा. स्वतः केलेलं असेल तर तो उत्साहाने सांगेल, किंवा प्रोग्रॅम पडला तर लगेच दुरुस्त करायला बसेल. उतरवलेलं असेल तर तुम्हाला चेहऱ्यावरच कळेल. त्याच्यासाठी तुम्हाला प्रोग्रॅमिंग यायला नको. आणि क्लास निवडताना किती तास शिकवणार हे विचारू नका, विचारा की त्यातला किती वेळ मुलाचे हात कीबोर्डवर असणार आणि त्याच्या चुका कोण बघणार.

मी स्वतः शिक्षक आहे. साठ मुलं, पोर्शन संपवायचाय, लॅब आठवड्यातून एकदा. मी काय बदलू शकतो?

सर, तुमची अडचण मला पूर्ण मान्य आहे, आणि सगळं बदला असं मी म्हणणारच नाही. लेक्चर दहा-बारा मिनिटांवर थांबवा, बोर्डवर पाच ओळींचा कोड लिहा, आउटपुटचे चार पर्याय द्या, हात वर करून मत घ्या, मग शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा, परत मत घ्या. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून फिजिक्स असंच शिकवत आले. कॉम्प्युटर लागत नाही, आणि किती मुलांना कळलं नाही ते तुम्हाला तिथेच दिसतं, परीक्षेपर्यंत थांबावं लागत नाही.

दुसरं, बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून कागदावर द्या आणि क्रम लावायला सांगा. न्यूझीलंडमध्ये पार्सन्स आणि हेडन यांनी २००६ मध्ये काढलेला प्रकार आहे, झेरॉक्सवर भागतं, तपासायला सोपं, आणि सिंटॅक्समध्ये अडकलेलं मूल पहिल्यांदा विचार करायला लागतं. लॅबमध्ये प्रोग्रॅम अर्धा तयार द्या किंवा मुद्दाम बिघडवलेला द्या, दुरुस्त करायला, म्हणजे उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. पोर्शनमधला एखादा भाग कमी बोलला गेला तर मुलं तो वाचून घेतात, माझा तरी तसा अनुभव आहे.

सेमची परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय आणि मी आत्ता हे वाचतोय. आता काय करू?

जुने पेपर काढ. त्यातले परत परत येणारे दहा प्रोग्रॅम निवड. पहिले दोन दिवस फक्त समजून घे, प्रत्येकाचा तक्ता कागदावर करून. तिसऱ्या दिवसापासून रोज दोन प्रोग्रॅम, न बघता, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, कारण परीक्षेत कागदच असणार आहे. जो अडला तो दोन दिवसांनी परत घे. थिअरीचे प्रश्न मोठ्याने दुसऱ्याला समजावून सांग, आईला सांगितलंस तरी चालेल. आणि परीक्षा झाली की पुढच्या सोमवारी परत ये, लाईटच्या बिलापासून सुरू करू.